टिल्लूच्या नावाचा लॅपटॉप

लॅपटॉपच्या खरेदीत माझा वाटा एवढाच, की मी दुकानात हजर होतो आणि पिशवी धरून उभा होतो. बाकी सगळं टिल्लूने केलं.

टिल्लू म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. अंगाने आडदांड, दारातून आत येताना मान वाकवतो, पण पाळण्यात चिकटलेलं हे नाव चाळिशीतही सुटलेलं नाही. नोकरी औषधांच्या गोदामात, ती पोटापुरती. खरा व्यवसाय सल्ला देणं. गळका नळ असो, मुलांचं शिक्षण असो की कुणाची गुडघेदुखी, टिल्लूकडे उत्तर तयार असतं. ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द त्याच्या तोंडून एकापाठोपाठ निघालेले त्याच्या सख्ख्या आईनेही ऐकलेले नाहीत. आमच्याच इमारतीत दोन मजले वर राहतो आणि सोसायटीचा सचिव आहे. म्हणजे सल्ल्याला शिक्क्याचीही जोड आहे.

मला परदेशातल्या एका कंपनीत काम मिळालं होतं. लिफ्टच्या तपासणीचे अहवाल तपासायचे. तपासनीस इमारतीत जाऊन लिफ्ट बघणार, बघितलं ते लिहून पाठवणार, आणि त्याने खरंच लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरून बघितलं की चहा पिऊन परत आला हे मी टेबलाशी बसून ओळखायचं. पहिले सहा महिने उमेदवारी. ती नीट पार पडली तर नोकरी पक्की, आणि नोकरी पक्की झाली की बायकोला आणि लेकीला तिकडे आणायचे कागद कंपनी स्वतः करणार. नाही पार पडली, तर मी गेलो तसा परत. उमेदवारीच्या काळात कंपनी संगणक देत नाही, लॅपटॉप स्वतःचा आणावा, असं त्यांनी कळवलं होतं.

ही बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, “इथूनच घ्या. बिघडला तर दुकानदाराशी भांडता येतं. परदेशात तुम्ही कोणत्या भाषेत भांडणार?” हा मुद्दा बिनतोड होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, “छे, तिथेच घ्या. तिथल्या वस्तू वर्षानुवर्षं टिकतात.” त्यांच्या बहिणीने तिथून आणलेली कात्री अजून टिकलेली आहे, हा पुरावा. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी, मुळात लॅपटॉप हवाच कशाला, आमच्या वेळी टाकाने लिहायचे, असा व्यापक दृष्टिकोन मांडला. मास्तरांनीही टाकाने लिहिलेलं नसावं, पण वयाचा मान म्हणून मी मान डोलावली.

टिल्लूने सगळ्यांना गप्प केलं. त्याच्या बँकेच्या कार्डावर लॅपटॉपला सूट होती. सूट म्हटल्यावर आमच्या घरात वाद संपतात. मग कार्ड टिल्लूचं म्हणून पावती टिल्लूच्या नावाची, पावती त्याची म्हणून हमी त्याची, आणि लॅपटॉप पहिल्यांदा उघडल्यावर त्याने मालकाचं नाव विचारलं तेव्हा टिल्लूने बिनदिक्कत ‘टिल्लू’ असं टाकलं. फोनचा नंबरही स्वतःचाच दिला. “भावोजी, तुमचा इथला नंबर तिकडे बंद पडेल. माझा चालू राहील. दूरचा विचार करायचा असतो,” तो म्हणाला. मला पटलं. टिल्लूचं बोलणं बोलताना पटतं, हाच त्याचा धोका आहे.

निघायच्या दिवशी लेकीने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि घड्याळावर बोट ठेवलं. “बाबा, हे बदलायचं नाही. घरचीच वेळ ठेवायची. म्हणजे तुम्हाला कधीही बघितलं की कळेल, मी शाळेत आहे की झोपलेय.” मी बरं म्हटलं. तिथली वेळ सांगायला तिथल्या भिंती असतीलच, असं मनाशी म्हटलं आणि निघालो.

तिकडे मी एका वयस्क बाईंच्या घरात खोली घेतली. खोली स्वच्छ, खिडकी मोठी, पलंग अरुंद. पहिल्याच दिवशी मी लॅपटॉपची पिन आणि भिंतीतलं भोक समोरासमोर आणलं, तर दोघांनी ओळखच दाखवली नाही. आपली पिन जाडजूड, तीन पायांची, खात्यापित्या घरातली. भिंतीतली भोकं अगदी नाजूक. मधे बसवायचा जोड आणला, तर तो पिनेच्या वजनाने लोंबकळून बाहेर यायला लागला. शेवटी स्टुलावर पेटी, पेटीवर बूट आणि बुटाच्या टाचेवर पिन अशी रचना केल्यावर वीज आली. घरमालकीणबाई दारातून बघत होत्या.

“पाण्याचा पंप आहे का?” त्यांनी विचारलं.

“लॅपटॉप आहे,” मी म्हणालो.

त्यांचा विश्वास बसला नाही. संध्याकाळी बघतो तर दाराशी पाण्याची बादली भरून ठेवलेली. विजेच्या आगीवर पाणी ओतायचं नसतं, माती टाकायची असते, असं मी त्यांना त्या विषयातला माणूस या नात्याने समजावलं. दुसऱ्या दिवशी बादली गेली आणि तिथे एक मोठी कुंडी आली. त्यातलं रोप काढून टाकलेलं होतं. पुढे महिनाभर त्या माझ्याशी त्या रोपामुळे तुटकच वागल्या, आणि त्यांचं फारसं चुकलं असं मला वाटत नाही.

कार्यालयात वेगळंच वाढून ठेवलेलं होतं. संगणक विभागातल्या तंत्रज्ञाने माझा लॅपटॉप त्यांच्या जाळ्याला जोडला आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर, जिथे विभागातल्या सगळ्यांची नावं होती, तिथे माझ्या जागी ‘टिल्लू’ असं झळकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या टेबलावरचा जाड मिशांचा सहकारी म्हणाला, “स्वागत असो, टिल्लू!”

आता माणसाला काही स्वाभिमान असतो. वीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यांत उतरून आणि इमारतींच्या माथ्यावर चढून मी जे काही कमावलं होतं, ते टिल्लू म्हणवून घेण्यासाठी नव्हे. मी जागच्या जागी उभा राहिलो आणि स्पष्ट सांगितलं, “मी टिल्लू नाही. टिल्लू माझा मेहुणा. तो तिकडे, माझ्या घरी असतो. हा लॅपटॉप त्याच्या नावावर आहे.” एकदा सांगून भागेना, म्हणून भेटेल त्याला सांगत सुटलो. जिन्यात सांगितलं, जेवणाच्या खोलीत सांगितलं, विभागप्रमुखांना तर दोनदा सांगितलं. टिल्लू वेगळा, मी वेगळा, टिल्लू तिकडे, मी इकडे. हे सगळं पुढे माझ्याच गळ्यात येणार आहे, याची तेव्हा काय कल्पना!

नाव बदलायला गेलो, तर लॅपटॉप म्हणे मालकाच्या फोनवर आकडा पाठवलाय, तो टाका. असा आकडा काही मिनिटंच जिवंत असतो. आपल्याकडे फोन उचलल्यापासून मुद्द्यावर यायला त्याहून जास्त वेळ लागतो, हे आकडा बनवणाऱ्यांना माहीत नसावं.

“टिल्लू, तुझ्या फोनवर एक आकडा आला असेल, तो सांग,” मी म्हणालो.

“भावोजी! अहो किती दिवसांनी! थंडी आहे का हो तिकडे?”

“आहे. आकडा सांग.”

“सांगतो. आधी सांगा, स्वेटर कसा घालता? शर्टावर? तिथेच चुकतं सगळ्यांचं.”

तो आकडा गेला. दुसरा आकडा चष्मा शोधण्यात गेला. तिसरा त्याने तत्परतेने सांगितला, पण तो त्याच्या बँकेचा निघाला. चौथ्या वेळी त्याचा आवाज एकदम बदलला. “हे बघा, असा आकडा कुणालाही सांगू नका, फसवणूक होते, असं इथे लिहिलंय. तुम्ही भावोजीच कशावरून?”

“अरे, माझा आवाज ओळखत नाहीस?”

“आवाज काय, कुणीही काढतो. भावोजी असाल तर सांगा, लग्नात ताईचा शालू कोणत्या रंगाचा होता?”

मी हिरवा म्हणालो. तो नव्हता. टिल्लूने फोन ठेवला आणि भावोजींच्या नावाने कुणीतरी भामटा बोलत होता असं जाऊन ताईला सांगितलं. ‘तू काय विचारलं होतंस?’ असं तिने विचारलं. त्याने शालूचं सांगितलं. तो भामटा नव्हता हे तिने लगेच ओळखलं, आणि पुढचा आठवडा मला फोनवर फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच ऐकू आलं. एवढे आकडे चुकल्यामुळे लॅपटॉपनेही सुरक्षेसाठी नाव बदलायची सोय बंद केली ती केलीच.

लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचं सेवा केंद्र होतं, तिथे गेलो. खिडकीपलीकडची बाई म्हणाली, मालकाला घेऊन या, नाहीतर त्यांचं पत्र आणा. टिल्लूने पत्र पाठवलं. सोसायटीच्या कागदावर, सचिव म्हणून सही, खाली गोल शिक्का. मजकूर असा होता, ‘सदर इसमास मी बरीच वर्षे ओळखतो. त्यांची वर्तणूक चांगली आहे. माझा लॅपटॉप वापरण्यास माझी हरकत नाही.’ मी ते भाषांतर करून खिडकीत दिलं. बाईने नीट वाचलं आणि म्हणाली, “म्हणजे लॅपटॉप त्यांचाच आहे आणि तुम्हाला वापरायला दिलाय. मग नाव बदलायचा प्रश्नच येत नाही.” मी पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि टिल्लू म्हणून जगायला शिकलो.

काम मात्र चोख चाललं होतं. मी स्वतःच्या तोंडाने सांगतो आहे, पण दुसऱ्या कुणाचं तोंड इथे उपलब्ध नाही. एका तपासनिसाने सलग तीन इमारतींच्या लिफ्टच्या दोरांची जाडी अगदी सारखी लिहिली होती, ती मी पकडली. दुसऱ्याने खड्डा कोरडा आहे असं लिहिलं आणि जोडलेल्या फोटोत त्याचे बूट भिजलेले होते. विभागप्रमुख उंच, सावकाश बोलणारा माणूस. स्वतः आयुष्यभर लिफ्टच्या कामात झिजलेला. ते माझ्या टेबलाशी येऊन नुसती मान हलवून जायचे, आणि मला ती मान दिवसभर पुरायची. उमेदवारी संपत आली होती. बायकोने फोनवर घरातली कोणती भांडी कुणाला द्यायची हे बोलायला सुरुवात केली होती. लेकीने तर शाळेत जाहीरच करून टाकलं होतं.

अशात कर्मचारी-कल्याण विभागातल्या बाई माझ्याकडे आल्या. हातात माझे अहवाल होते. तपासून झालेल्या प्रत्येक अहवालाच्या तळाशी लॅपटॉप आपणहून दोन गोष्टी छापायचा, तपासणाऱ्याचं नाव आणि तपासल्याची वेळ. बाई काळजीने म्हणाल्या, “तुम्ही मध्यरात्री काम करता. आपल्याकडे हे नियमात बसत नाही. तब्येतीलाही वाईट.”

“मी?” मी दुखावून म्हणालो, “मी सुटायच्या वेळेला उठतो आणि घरी जातो. रात्री मी कशाला काम करू?”

“मग मध्यरात्री हे कोण तपासतं?”

“ती इथली वेळच नाही. ती तिकडची वेळ आहे, माझ्या घरची.”

बाईंनी कागदाकडे पाहिलं. “आणि नाव?”

“टिल्लू. सांगितलं ना तुम्हाला तेव्हाच. टिल्लू मी नव्हे. तो तिकडे असतो.”

बाईंनी सगळे कागद सरळ केले आणि त्या गेल्या. त्यांचं काय बिनसलं हे मला तेव्हा कळलं नाही. माझं काय चुकलं हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, जेव्हा विभागप्रमुख, त्या बाई आणि तंत्रज्ञ अशा तिघांसमोर मला बसवण्यात आलं. त्यांचा समज सरळ होता. मी इथे बसून पगार घेतो, अहवाल घरी पाठवतो, आणि तिकडे टिल्लू नावाचा कुणी स्वस्तातला माणूस ते तपासून देतो. नाव त्याचं, वेळ तिकडची, लॅपटॉप त्याचा. आणि हे सगळं मीच इमारतभर ओरडून सांगितलं होतं. चोरीचा माल अंगणात वाळत घालणारा चोर त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा.

मी म्हणालो, “आत्ता द्या एखादा अहवाल. तुमच्यासमोर तपासतो.”

विभागप्रमुख सावकाश म्हणाले, “तुम्हाला काम येतं याबद्दल शंका नाही. येतं ते माणूस स्वतः करतोच असं नाही. मला पोहता येतं, पण मी आज पोहलो नाही.”

मी घड्याळाचं सांगितलं, लेकीचं सांगितलं. ते त्यांनी ऐकून घेतलं. पण ऐकणं आणि पटणं यातलं अंतर मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी ते म्हणाले, “मला या टिल्लूशी बोलायचंय. आत्ताच. तुम्ही मधे एक शब्दही बोलायचा नाही.”

सबंध जगात फक्त एका माणसाने आता ‘मला माहीत नाही’ असं म्हणायला हवं होतं, आणि तो माणूस टिल्लू होता.

फोन लावला तेव्हा घरी संध्याकाळ होती. टिल्लू आमच्याच स्वयंपाकघरात होता, हातात पाना, समोर नळ. मागे बायको टोपात पाणी धरून उभी. तिघा परक्या साहेबांना पडद्यावर बघून टिल्लूने पाना खाली ठेवला आणि केसांवरून हात फिरवला. परकी भाषा त्याला बेताची येते, पण आत्मविश्वास भरपूर असल्यामुळे अडत नाही.

“तुम्ही टिल्लू?” विभागप्रमुखांनी विचारलं.

“मीच.”

“तुम्हाला लिफ्टच्या कामातलं कळतं?”

टिल्लू हसला. असं हसणं मी वीस वर्षं सोसलं आहे. “कळतं म्हणजे? आमच्या इमारतीची लिफ्ट माझ्याच ताब्यात आहे.”

“रात्रीही बघता?”

“रात्र काय आणि पहाट काय! लोक मलाच उठवतात.”

बाई भराभर लिहीत होत्या. विभागप्रमुख पुढे झुकले. “दोर खराब झालाय हे कसं ओळखता?”

टिल्लूने खुर्ची ओढली आणि बसला. “दोराच्या तुटलेल्या तारा मोजायच्या. एकाच जागी किती तुटल्यात ते महत्त्वाचं. मग जाडी बघायची. आणि लाल धूळ दिसली की समजायचं, आतून गंजलाय. वरून कितीही चांगला दिसो, बदलायचा.”

अक्षर न् अक्षर बरोबर होतं. वर्षानुवर्षं रविवारच्या जेवणाला मीच त्याला हे सांगत आलो होतो. तो ऐकत नाही, नुसता पोळी खातो, असं मला वाटायचं. क्षणभर अभिमान वाटला, आणि लगेच घाम फुटला. विभागप्रमुखांनी माझी फाइल मिटली. आवाज होऊ न देता, अगदी सभ्यपणे.

तेवढ्यात बायकोने टोप खाली ठेवला. तिला ती भाषा टिल्लूपेक्षा बरी समजते. “टिल्लू,” ती म्हणाली. एवढंच. पण थोरल्या बहिणीच्या तोंडचं ते ‘टिल्लू’ होतं. मग आपल्या भाषेत, खालच्या आवाजात म्हणाली, “त्यांना वाटतंय यांचं काम तू करतोस. तुला येतं म्हणालास तर यांची नोकरी जाईल. आमचं जाणं राहील. कळतंय का तुला?”

टिल्लूचा चेहरा मी पडद्यावर पाहत होतो. तो आधी लाल झाला, मग उतरला. मग तो विभागप्रमुखांना म्हणाला, “साहेब, मला लिफ्टमधलं काही कळत नाही.”

“आत्ता तर कळत होतं,” विभागप्रमुख म्हणाले. “तुम्हाला आता कुणीतरी सांगितलं.”

ते खरंच होतं. माझं सगळं संपलं असं मी धरून चाललो. पण टिल्लू उठला. फोन हातात घेऊन दाराबाहेर गेला. पडद्यावर आमचा जिना हलायला लागला, आणि मग लिफ्टचं दार दिसलं. दारावर खडूने लिहिलेलं होतं, ‘लिफ्ट बंद आहे.’

ही बातमी मलाच नवी होती.

“भावोजी गेले आणि थोड्याच दिवसांत ही अडकायला लागली,” टिल्लू म्हणाला. बोलताना कुणाकडेच बघत नव्हता. “कारागीर बोलवा म्हणत होते सगळे. मी म्हटलं, मला येतं. भावोजींनी सांगितलेलं सगळं पाठ होतं ना! मी दुरुस्त केली. तेव्हापासून बंद आहे.” मग त्याने दाराजवळची पेटी उघडून दाखवली. आतल्या तारा पायजम्याच्या नाडीने बांधलेल्या होत्या. दार नीट लागलं की नाही हे सांगणाऱ्या खटक्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला होता, निळा.

विभागप्रमुखांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावून पाहिलं. चिमटा तिथेच होता.

तेवढ्यात तळमजल्यावरचे बँकवाले काका कुणाकडे तरी निघालेले, जिना चढत वर आले. टिल्लूला लिफ्टपाशी बघून धापा टाकतच म्हणाले, “अरे बाबा, आता पुन्हा हात लावू नकोस रे तिला! माझ्या गुडघ्यांवर दया कर!” भाषांतर करायची गरज पडली नाही. टिल्लूने खाली मान घातली आणि म्हणाला, “बघा साहेब. सगळ्यांना माहीत आहे. मला यातलं काही येत नाही. लॅपटॉपमधलंही येत नाही. दुकानदार जे बोलला तेच मी भावोजींना सांगितलं.”

मग विभागप्रमुख माझ्याकडे वळून म्हणाले, “या माणसाने तुमचे अहवाल तपासलेले नाहीत. याने कुठलाच अहवाल कधीही तपासू नये.” आणि त्यांनी फाइल पुन्हा उघडली.

माझी नोकरी पक्की झाली. कंपनीने नवा संगणक दिला. कागद निघाले, बायको आणि लेक यायचा महिनाही ठरला. घरमालकीणबाईंनी शेजारची मोठी खोलीही द्यायचं कबूल केलं. सगळं सुरळीत चालू झालं. आनंद व्हायला हवा होता, तो झालाही. पण पडद्यावरचा तो खाली घातलेला चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून जाईना.

टिल्लूचा फोन येईना. पूर्वी मी कामात असताना यायचा, मी नको म्हणत असताना यायचा. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, “काय झालंय कळत नाही त्याला. परवा आपल्या नळासाठी त्याने स्वतः प्लंबर बोलावला. लिफ्टलाही कारागीर आणला. काकूंनी गुडघ्यावर कोणता पाला बांधू विचारलं, तर म्हणाला, डॉक्टरांना विचारा.” एवढं सांगून ती थांबली. “बरं वाटत नाही हो त्याच्याकडे बघून. त्याचं घर नुसतं शांत झालंय.”

वीस वर्षं मी या शांततेसाठी मनोमन नवस बोलत आलो होतो. ती मिळाली, आणि मला ती अजिबात आवडली नाही.

रविवारी मी स्वतः फोन लावला. बराच वाजल्यावर त्याने उचलला.

“बोला भावोजी,” तो म्हणाला. थंडीचं विचारलं नाही, स्वेटरचं विचारलं नाही.

“टिल्लू, जरा अडलंय,” मी म्हणालो. “तुझी ताई यायच्या आत खिडकीला पडदे लावायचेत. इथल्या भिंती पोकळ आहेत. खिळा मारला की भुगा होतो आणि दांडी खाली येते. काय करू?”

तो म्हणाला, “मला काय कळतंय त्यातलं? तिथल्या कुणाला तरी विचारा.”

“इथल्यांना विचारायचं असतं तर तुला फोन कशाला केला असता?”

त्याचा श्वास ऐकू येत होता. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“भिंत नक्की पोकळ आहे का? बोटाने वाजवून बघितली?”

“नाही.”

“तिथेच चुकतं सगळ्यांचं,” टिल्लू म्हणाला. “आधी वाजवून बघायची. फोन जवळ धरा, मला ऐकू द्या.”

पडदे मी आदल्याच दिवशी कारागिराकडून लावून घेतले होते. चांगले घट्ट बसले होते. मी उठलो, एक पडदा हाताने बाजूला सारला, फोन भिंतीशी धरला आणि बोटाने वाजवलं.

“अजून जरा वर,” तो म्हणाला.

मी अजून जरा वर वाजवलं.